पायांना पुन्हा चालणें शिकविणारीं यंत्रें



गेल्या पावसाळ्यांत मला एक पत्र आलें. लिहिणारा माझा जुना विद्यार्थी. शाळेंत असतांना त्याचें अक्षर वाईट होतें व तें अजूनही तसेंच आहे; पाकिटावरील पत्ता पाहूनच मीं त्यास ओळखलें. चार वर्षांपूर्वीं हा मुलगा (मुलगा म्हणतों खरा, पण आतां त्यालाच दोन मुलें आहेत) नारळ पाडण्याकरितां माडावर चढला असतां वरून कोसळला आणि त्याच्या पाठीचा कणा मोडला. तेव्हांपासून कमरेखालीं त्यास कांहीं हलवितां येत नाहीं, व चिमटा घेतला तरी कळत नाहीं. पत्रासोबत वर्तमानपत्राचें एक कात्रण होतें. पायांना धातूच्या पट्ट्या व विजेच्या लहान मोटरी बांधलेला एक मनुष्य त्यांत उभा होता, आणि हा यंत्राच्या साहाय्यानें पुन्हा चालूं लागला अशा अर्थाचा मजकूर खालीं होता. पत्रांत प्रश्न एकच होता. "गुरुजी, वडील आमराईचा अर्धा तुकडा विकायला निघाले आहेत. या यंत्रानें मी चालेन का? तुम्ही वाचून सांगा. डॉक्टरांची भाषा आम्हांला कळत नाहीं."

मी वैद्य नव्हे, यंत्रशास्त्रज्ञही नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन पुढें प्राथमिक शाळेंत खडू झिजविलेला मनुष्य. परंतु जन्मभर ज्यानें इतिहास शिकविला त्याला एक खोड जडते. कोणतीही वस्तु समोर आली कीं ती कोठून आली, कोणीं केली, तिच्यापूर्वीं काय होतें, हें पाहिल्यावांचून तिच्यावर त्याचा विश्वास बसत नाहीं. माझी भाची मुंबईस फिजिओथेरपीचें काम करते. तिनें निबंध धाडले, मी शब्दकोश घेऊन बसलों, आणि सहा महिन्यांत जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम दुखण्याचें स्वरूप पाहूं. मेंदूपासून निघालेली एक दोरी मणक्यांच्या पोकळींतून खालीं येते. तिला मज्जारज्जु म्हणतात. लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर, जाडी आपल्या करंगळीएवढी. मेंदूचा हुकूम पायांस जातो आणि पायांची खबर मेंदूस येते ती हिच्याच वाटेनें. ही दोरी चेंगरली किंवा तुटली कीं त्याखालचा मुलूख राजधानीपासून तुटतो. पाय शाबूत, स्नायु शाबूत, रक्तही खेळत असतें. हुकूम मात्र पोंचत नाहीं. विश्पला नांवाच्या स्त्रीला अश्विनीकुमारांनीं लोखंडी पाय बसविला अशी कथा ऋग्वेदांत आहे, आणि आपल्याकडे अशा प्रसंगीं ती हटकून सांगण्यांत येते. परंतु तेथें पाय तुटला होता. येथें पाय आहे आणि चालणें नाहीं, म्हणून नवा पाय देऊन येथें भागत नाहीं. या दुखापतीचे डॉक्टर लोक दोन वर्ग करितात. अपूर्ण दुखापतींत कांहीं तंतु शिल्लक राहून थोडीफार खबर जात येत असते. पूर्ण दुखापतींत कांहींच जात नाहीं. हा भेद श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील साऱ्या इतिहासांत यशापयशाची वाटणी बव्हंशीं याच रेषेवर झालेली दिसेल.

हा इतिहास फार काळपर्यंत निराशेचाच आहे. एडविन स्मिथ याच्या नांवानें ओळखला जाणारा ईजिप्तमधील एक पपायरस इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० वर्षांचा आहे. मानेचा मणका सरकून हातपाय लुळे पडलेल्या मनुष्याचें त्यांत वर्णन आहे, आणि शेवटीं वैद्याचा निकाल असा कीं, हें दुखणें उपचार करण्याजोगें नव्हे. या निकालावर पुढें साडेतीन हजार वर्षें अपील झालें नाहीं. १८०५ सालीं ट्रफाल्गारच्या लढाईंत नेल्सनच्या कण्यांत गोळी शिरली, तेव्हां छातीखालीं आपणांस कांहीं जाणवत नाहीं असें त्यानेंच शस्त्रवैद्यास सांगितलें; त्याचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. पहिल्या महायुद्धांतसुद्धां अशा जखमींपैकीं बहुतेक थोड्याच आठवड्यांत मरत. ते कण्याच्या जखमेनें मरत नसत. एका कुशीवर पडून राहिल्यानें पाठीला व्रण पडत, लघवीच्या मार्गांत विष भिनें, आणि त्यानें ते जात.

हें चक्र फिरविलें तें लुडविग गुट्मान या डॉक्टरनें. हा जर्मनींतील यहुदी गृहस्थ हिटलरच्या जाचास कंटाळून १९३९ सालीं इंग्लंडांत आश्रयास आला. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं स्टोक मँडेव्हिल येथें कण्याच्या जखमींचा नवा विभाग त्याच्या हातांखालीं सुरू झाला. त्यानें नवें औषध काढलें नाहीं कीं नवी शस्त्रक्रिया काढली नाहीं. दर दोन तासांनीं, रात्रींसुद्धां, प्रत्येक रोग्याची कूस बदलावयाची, लघवीची स्वच्छता कटाक्षानें राखावयाची, आणि दिवस उजाडला कीं त्याला कांहीं उद्योगास लावावयाचें, एवढेंच त्याचें शास्त्र. माणसें जगूं लागलीं. २९ जुलै १९४८ रोजीं लंडनला ऑलिंपिकचें उद्घाटन होत असतां याच रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांचा तिरंदाजीचा सामना झाला. त्यांत दोन स्त्रिया होत्या. आजच्या पॅरालिंपिकचा उगम तो हाच. आपल्या सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झालेले जवान. त्यांनीं १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें, आणि भारताचें पहिलें पॅरालिंपिक सुवर्ण तें हेंच. १९६५ च्याच मे महिन्यांत एव्हरेस्टवर पाऊल ठेवून आलेले मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया यांनाही त्याच युद्धांत कण्यांत गोळी लागली. त्यांच्यावर स्टोक मँडेव्हिलला उपचार झाले, आणि परत आल्यावर अशाच रुग्णांसाठीं त्यांनीं दिल्लीस रुग्णालय उभारलें. एका निर्वासित डॉक्टरच्या शिस्तीचें बीं कोठवर जाऊन रुजलें पहा.

परंतु गुट्माननें माणसाला जगविलें तें खुर्चीवर. चालण्याचा प्रश्न तेथेंच राहिला. कमरेपासून घोट्यापर्यंत लोखंडी कॅलिपर बांधून, कुबड्यांवर झोके घेत चालण्याची रीत होती. तिनें इतकी दमछाक होई कीं रुग्णालयांतून घरीं गेल्यावर पुष्कळांचें कॅलिपर खुंटीला लागत. तेव्हां पायांना बाहेरून जोर देणारें कांहीं यंत्र असावें, ही कल्पना साहजिकच होती.

गंमत अशी कीं, तसल्या यंत्राची कल्पना आधीं सुचली ती धडधाकट लोकांसाठीं. रशियांतील निकोलस यागिन यानें १८९० सालीं अमेरिकेंत एक पेटंट घेतलें. पायांना धनुष्यासारख्या कमानी लावून चालणें, धांवणें व उड्या मारणें सुलभ करावें, अशी त्याची योजना होती. १९१९ सालच्या दुसऱ्या एका पेटंटांत पाठीवर वाफेचें इंजिन घेऊन धांवण्याची सोय होती. वाचतांनाच अंग भाजतें. १९६५ नंतर अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें 'हार्डिमन' नांवाचा पोलादी सांगाडा बांधावयास घेतला. माणसानें तो अंगावर चढवून सुमारें ६८० किलो वजन लीलया उचलावें असा बेत. सांगाड्याचेंच वजन तितकें झालें, आणि सगळे अवयव एकदम चालू करूं जातां तो अशी पिसाट हालचाल करी कीं आंत मनुष्य ठेवून त्याला पुरता कधींच चालवितां आला नाहीं. एक हात तेवढा कामास आला. अंगावर चढविण्याच्या अशा सांगाड्यास इंग्रजींत एक्झोस्केलेटन म्हणतात. आपण त्यास यांत्रिक सांगाडा म्हणूं.

पांगळ्या माणसासाठीं असा सांगाडा खरोखर बांधून त्याच्या पायांवर चढविण्याचें श्रेय एका अशा शहराकडे जातें कीं ज्याचें नांव या संदर्भांत आपण ऐकलेलें नसतें. तें शहर बेलग्रेड. तेव्हांच्या युगोस्लाव्हियाची ही राजधानी. तेथील मिहायलो पुपिन संस्थेंत मिओमिर वुकोब्रातोविच नांवाचा तरुण यंत्रशास्त्रज्ञ मनुष्य चालतो कसा याचें गणित मांडीत होता. आपण रोज चालतों म्हणून चालणें सोपें वाटतें. वस्तुतः चालणें म्हणजे पुढें पडत राहणें आणि प्रत्येक वेळीं ऐन वेळीं पाय पुढें टाकून तें पडणें चुकविणें होय. वुकोब्रातोविचनें दाखविलें कीं, चालतांना तळपायाखालीं एक बिंदु असा असतो कीं जेथें शरीरास कोलमडविणारा जोर शून्य होतो. तो बिंदु तळपायाच्या कक्षेंत राहील तोंवर मनुष्य पडत नाहीं. १९६९ च्या सुमारास त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं पहिला सांगाडा केला, आणि १९७२ सालीं हवेच्या दाबानें चालणारा पुरा सांगाडा तयार झाला. बेलग्रेडच्या अस्थिरोग रुग्णालयांत कमरेखालीं लुळ्या पडलेल्या रोग्यांवर त्याचे शंभरांवर प्रयोग झाले. तसाच एक सांगाडा मॉस्कोच्या रुग्णालयासही देण्यांत आला.

हे प्रयोग वाचतांना मला आपल्याकडील अंधपंगुन्यायाची आठवण झाली. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो. एकाचे पाय, दुसऱ्याचे डोळे. बेलग्रेडचा सांगाडा हा तो आंधळा. परंतु त्या जोडींत एक उणीव होती. गोष्टींतला पांगळा वाट दाखवितो, आणि येथें मात्र पावलांचा क्रम यंत्रांत आधींच भरून ठेवलेला. पांगळ्यानें केवळ बसून राहावयाचें. शिवाय हवेची नळी जोडलेली असल्यामुळें सांगाडा दालनाबाहेर जाणें शक्य नव्हतें. पुरेशी लहान बॅटरी नाहीं, खिशांत मावेल असा गणकयंत्राचा मेंदू नाहीं. काम थांबलें. त्या शून्य बिंदूचें गणित मात्र फुकट गेलें नाहीं. जपानांतील होंडा कंपनीनें २००० सालीं दाखविलेला 'असिमो' हा दोन पायांचा यंत्रमानव त्याच गणितावर चालत असे. पांगळ्यांना चालविण्यासाठीं झिजलेल्या माणसाचें गणित प्रथम फळलें तें धातूच्या बाहुल्यांना. इतिहासांत असें पुष्कळदां होतें.

आतां मी आपणांस दुसऱ्याच एका ठिकाणीं नेतों. तेथें यंत्र नाहीं, मांजर आहे. १९११ सालीं लिव्हरपूल येथें शेरिंग्टन या विख्यात शरीरशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत टॉमस ग्रॅहम ब्राउन यानें एका मांजराचा मज्जारज्जु तोडला, पायांकडून येणाऱ्या संवेदनांचे तंतुही तोडले, आणि तरीही त्याचे मागील पाय काहीं काळ आळीपाळीनें पावलें टाकीत राहिलेले पाहिले. अर्थात् पावलांचा ताल मेंदूंत नसून मज्जारज्जूच्या खालच्या भागांतच कोठें तरी वसत आहे. त्या काळीं हें कोणास फारसें पटलें नाहीं व तो निबंध जवळजवळ पन्नास वर्षें धूळ खात पडला. हा ग्रॅहम ब्राउन स्वतः नामांकित गिर्यारोहक होता, आणि १९३६ च्या नंदादेवीच्या मोहिमेंत तो आपल्या हिमालयांत येऊन गेला होता. पायांच्या तालाचें गूढ अशाच मनुष्यास उकलावें, यांत मला तरी औचित्य वाटतें.

पुढें या मांजरांचें काय झालें तें शिक्षकांनीं मुद्दाम ऐकावें. १९८७ सालीं माँट्रियल येथें बार्बो व रोसिन्योल यांनीं दाखविलें कीं, मज्जारज्जु तोडलेल्या प्रौढ मांजराला फिरत्या पट्ट्यावर धरून रोज सराव दिला तर त्याचे मागील पाय पुन्हा पावलें टाकूं लागतात. लॉस एंजेलिस येथें एजर्टन व त्याचे सहकारी यांनीं आणखी एक गोष्ट पाहिली. ज्या मांजरांना केवळ उभें राहण्याचा सराव दिला तीं उभीं राहण्यांत तरबेज झालीं, पण त्यांना चालतां येईना. ज्यांना चालविलें तींच चालूं लागलीं. म्हणजे मेंदूपासून तुटलेली ती बोटभर दोरीसुद्धां शिकते, आणि जें शिकवावें तेंच शिकते! छत्तीस वर्षें मुलांना शिकवून मला जें पुरतें उमगलें नव्हतें तें मांजराच्या कण्यानें उलगडून दाखविलें.

मनुष्यावर ही रीत वापरण्यास फार वेळ लागला नाहीं. रोग्याला छतापासून पट्ट्यांनीं टांगून त्याचा अर्धाअधिक भार हलका करावयाचा, खालीं ट्रेडमिलचा पट्टा फिरवावयाचा, आणि दोन बाजूंस दोन फिजिओथेरपिस्ट बसून एकेकानें एकेक पाय हातानें उचलून टाकावयाचा. जर्मनींत वेर्निग यानें १९९२ च्या सुमारास असे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि अपूर्ण दुखापतीच्या कांहीं रोग्यांत लक्षणीय सुधारणा दिसली. पण पाय उचलणाऱ्यांचे काय हाल! वाकून वाकून त्यांच्याच पाठी मोडूं लागल्या. वीस मिनिटांत दोघे गलितगात्र होत, आणि रोग्याला पाहिजे तितका सराव मिळत नसे. या अडचणींतून यंत्र पुन्हा पुढें आलें. झ्युरिक येथील बालग्रिस्ट रुग्णालयांत गेरी कोलोंबो या अभियंत्यानें पट्ट्यावर टांगलेल्या रोग्याच्या पायांना बाहेरून मोटरीचे पाय जोडले. त्याचा निबंध २००० सालीं प्रसिद्ध झाला व यंत्रास 'लोकोमॅट' नांव मिळालें. बेलग्रेडचा सांगाडा वाहन होता. झ्युरिकचा सांगाडा शिक्षक झाला. हा फरक मोठा आहे, आणि वर्तमानपत्रांतील चित्रांवरून तो मुळींच कळत नाहीं.

शिक्षक झाला खरा, पण आरंभीं वाईट शिक्षक. पाटीवर अक्षर गिरवितांना मुलाचा हात धरून आपण गिरवीत राहिलों तर अक्षर सुबक उमटतें. मूल मात्र खिडकींतून बाहेर पाहत असतें. माझ्या हातून हा प्रमाद कैक वेळां घडला आहे, आणि ज्याच्या पत्रावरून हें भाषण निघालें त्याचें अक्षर त्याची साक्ष देईल. लोकोमॅट पाय ठराविक मार्गानें बिनचूक फिरवी, आणि रोगी निवांत लटकत राहूं शके. २००६ सालीं एजर्टनच्या प्रयोगशाळेनें मज्जारज्जु तोडलेल्या उंदरांवर लहानग्या यंत्रांनीं प्रयोग केला. कांहींचे पाय यंत्रानें सदैव ठराविक रेषेंत फिरविले. कांहींना स्वतः धडपडूं दिलें व चुकलें तरच सांवरलें. दुसऱ्या वर्गांतले उंदीर अधिक चांगले शिकले. तेव्हांपासून लागेल तेवढीच मदत करावी आणि रोग्याचा प्रयत्न मोजीत राहावें, अशा धोरणानें हीं यंत्रें घडविण्यांत येऊं लागलीं. जपानांतील त्सुकुबा विद्यापीठाचे सांकाई यांनीं केलेला 'हॅल' हा सांगाडा तर रोग्याच्या कातडीवर उमटणारा विजेचा क्षीण संदेश वाचतो आणि मग हलतो. मनांत आलेंच नाहीं तर यंत्रही हलत नाहीं. अर्थात् जेथें पूर्ण दुखापतीमुळें संदेशच उतरत नाहीं तेथें हा उपाय लंगडा पडतो.

येथें एक कटु सत्य सांगणें भाग आहे. पट्ट्यावरील सराव साध्या जमिनीवरील सरावापेक्षां सरस आहे काय, हें पाहण्यासाठीं अमेरिकेंत व कॅनडांत अपूर्ण दुखापतीच्या १४६ ताज्या रोग्यांवर मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २००६ सालीं डॉब्किन व सहकारी यांनीं प्रसिद्ध केला. चालण्यांत दोन्ही वर्गांत फरक आढळला नाहीं. दोन्ही वर्ग पुष्कळ सुधारले होते. याचा अर्थ मीं असा घेतला कीं, गुण सरावाचा होता. पट्ट्याचा विशेष नव्हता. ज्यांच्या गांवीं लोकोमॅट नाहीं त्यांना यांत धीर आहे.

इकडे सांगाडा पुन्हा वाहन होऊं पाहत होता, आणि त्याची कथा मला सर्वांत हृद्य वाटते. इस्रायलांतील अमित गॉफर हा विद्युत्-अभियंता १९९७ सालीं वाहनाच्या अपघातांत जखमी होऊन हातापायांनीं अधू झाला. आपणांस खुर्चीखेरीज दुसरें कांहीं कोणी देऊं शकत नाहीं हें पाहून त्यानें स्वतःच २००१ सालीं कंपनी काढली व 'रीवॉक' नांवाचा सांगाडा तयार केला. मनगटावर घड्याळासारखी कळ. तिनें बसणें, उठणें, चालणें यांतून निवड करावयाची. पुढें छाती झुकविली कीं कमरेजवळचें उपकरण तो कल ओळखतें व पाऊल टाकतें. येथें प्रथमच पांगळा आंधळ्याला वाट दाखवूं लागला. परंतु तोल राखण्यास कुबड्या लागतात, आणि कुबड्या धरण्यास हात. गॉफरच्या हातांत तेवढें बळ उरलें नव्हतें. त्यानें केलेलें यंत्र त्यालाच वापरतां येईना! पुढें त्यानें आपणांसारख्यांसाठीं उभें करणारी चाकांची खुर्ची निराळी काढली. २०१२ सालीं क्लेअर लोमस या इंग्रज बाईंनीं हाच सांगाडा घालून लंडनची मॅरेथॉन पुरी केली. त्यास १७ दिवस लागले. २०१४ च्या जून महिन्यांत अमेरिकन सरकारच्या औषध-खात्यानें घरीं वापरण्यास या सांगाड्याला परवानगी दिली. अशी परवानगी मिळालेला तो पहिलाच. पुढें एक्सो, इंडिगो इत्यादि इतरही आले. न्यूझीलंडचा 'रेक्स' तर कुबड्यांवांचून उभा राहतो. त्या सर्वांचें वर्णन करीत बसत नाहीं.

२०१४ सालींच ब्राझीलमध्यें फुटबॉलच्या विश्वचषकाच्या उद्घाटनास मेंदूच्या लहरींनीं चालणारा सांगाडा घातलेल्या एका तरुणानें चेंडूस लाथ मारली. सारें जग डोळे लावून बसलें होतें, आणि दूरदर्शनवर तो देखावा क्षणभरच दिसला. मला त्या लाथेपेक्षां तिच्यामागून आलेला निबंध अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रा. निकोलेलिस यांनीं २०१६ सालीं लिहिलें कीं, बारा महिन्यांच्या सरावानंतर आठही रोग्यांत दुखापतीखालच्या भागांत थोडी संवेदना व थोडी हालचाल परत आली, आणि पूर्ण दुखापतीच्या वर्गांत असलेल्यांपैकीं निम्म्यांची गणना अपूर्ण वर्गांत करावी लागली. माणसें आठच, तुलनेस दुसरा वर्ग नाहीं. तरीही पूर्ण म्हणून शेरा मारलेल्या कण्यांत कांहीं निजलेले तंतु असावेत, असा तर्क त्यानें बळावतो. तसेंच २०११ सालीं लुईव्हिल येथें हार्केमा यांनीं वर्णिलेला एक तरुण. १७० वेळां सराव देऊनही त्याचे पाय जागचे हलले नव्हते. मज्जारज्जूवर विजेचा मंद प्रवाह देणारें उपकरण बसविल्यावर तो उभा राहूं शकला. म्हणजे सराव फुकट गेला असें म्हणतां येत नाहीं आणि सरावच पुरे असेंही म्हणतां येत नाहीं.

आतां पैशाची गोष्ट, कारण आमराई त्यावर अवलंबून होती. २०२४ सालीं अमेरिकन सरकारच्या आरोग्यविम्यानें घरगुती सांगाड्याची जी किंमत मान्य केली ती सुमारें ९१,००० डॉलर, म्हणजे आपले पाऊण कोट रुपये. निरनिराळ्या चाचण्या एकत्र करून काढलेली त्याची सरासरी गति मिनिटाला सुमारें पंधरा मीटर. आपण सहज चालतों तें मिनिटाला सत्तर-ऐंशीं मीटर. २०२४ सालींच अमेरिकेंतील १६१ माजी सैनिकांवरील चाचणीचा निकाल आला. घरीं सांगाडा दिलेल्यांचें सुखसमाधान केवळ खुर्ची वापरणाऱ्यांपेक्षां वाढल्याचें दिसलें नाहीं. आणि त्याच वर्षीं गाजलेली एक हकीकत: एका माजी घोडेस्वाराचा सांगाडा मनगटावरच्या कळीच्या बॅटरीचा बारकासा दोष उत्पन्न होऊन बंद पडला, तर यंत्र पांच वर्षांहून जुनें म्हणून प्रथम त्यास दुरुस्ती नाकारण्यांत आली. गवगवा झाल्यावर ती करून मिळाली. लाख डॉलरची वस्तु आणि अडलें कशावर, तर एका तारेवर! आपल्याकडे एक चांगली गोष्ट अशी घडली कीं, २०२४ सालीं केरळ सरकारनें तिरुवनंतपुरमच्या सरकारी रुग्णालयांत चालणें शिकविणारें यंत्र बसविलें, आणि तें केरळांतीलच एका कंपनीनें बनविलेलें आहे. गटारांत माणूस उतरूं नये म्हणून मॅनहोल साफ करणारें यंत्र प्रथम याच कंपनीनें केलें होतें. यंत्र रुग्णालयानें घ्यावें आणि रोग्यानें तेथें येऊन शिकावें, हीच रीत मला आपल्या देशास परवडणारी दिसते.

हें सर्व मीं पत्रांत लिहूं शकलों असतों. पण धीर झाला नाहीं. भाचीनें शहरांतील एका उपचारकेंद्रांत व्यवस्था केली व आम्ही तिघे, विद्यार्थी, त्याचे वडील व मी, तेथें गेलों. प्रथम त्याच्या हाडांचें चित्र काढलें, कारण वर्षानुवर्षें भार न पडलेलीं हाडें ठिसूळ होतात व यंत्राच्या हिसक्यानें मोडूं शकतात. मग मांडीची व नडगीची लांबी मोजली, कातडीवर कोठें व्रण नाहीं ना तें पाहिलें. पट्टे बांधण्यासच अर्धा तास गेला. उभा करतांच त्यास घेरी आली, पुन्हा बसविलें. दुसऱ्या खेपेस तो उभा राहिला, आणि मागून दोघांनीं धरलें असतां दालनाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जाऊन आला. मीं जुन्या संवयीनें मोजलें: एकशें बारा पावलें. सदरा घामानें भिजला होता. पाय यंत्रानें उचलले होते, त्यानें नव्हे, हें त्यालाही कळत होतें. माझ्यासमोर येऊन थांबला व म्हणाला, "गुरुजी, तुम्ही माझ्याहून ठेंगणे आहांत. चार वर्षांत मीं सगळ्यांचीं कोपरेंच पाहिलीं."

डॉक्टरबाईंनीं स्पष्ट सांगितलें कीं दुखापत पूर्ण वर्गांतली आहे, आणि यंत्र काढल्यावर पाय चालतील अशी आशा देतां येत नाहीं. नित्य उभें राहिल्यानें पोट साफ होणें, पायांचा ताठरपणा कमी होणें, असा लाभ कित्येकांनीं सांगितलेला आहे; तेवढा घ्यावा. त्यासाठीं यंत्र विकत घेण्याचें कारण नाहीं.

परतीच्या गाडींत वडील पुष्कळ वेळ बोलले नाहींत. चिपळूण मागें पडल्यावर म्हणाले, "मास्तर, गांवांत माडावर चढायला माणूस मिळेना म्हणून हा चढला. या यंत्राचा कारागीर मी कोठून आणूं?"

आमराई विकली नाहीं. पडवींत सुतारानें सागाचे दोन समांतर दांडे बसविले आहेत, कमरेच्या उंचीचे. कॅलिपर मुंबईहून करून आणलें. सकाळीं मुलें शाळेस जाण्यापूर्वीं अर्धा तास तो त्या दांड्यांमध्यें उभा राहतो, व धाकटी मुलगी घड्याळ धरून बसते. वर्षांतून दोनदां आठ-आठ दिवस शहरांत राहून यंत्रावर सराव करावा असें ठरलें आहे. पहिली खेप दिवाळीनंतर आहे.